अनुदानाच्या अर्जात शिकवण्याचा रकानाच नाही

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा कॅगचा, म्हणजे महालेखापरीक्षकांचा, अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आला, त्यात खोट्या नोंदी निघाल्या, आणि तेव्हापासून खासगी प्रशिक्षण संस्था म्हटले की लोक गालातल्या गालात हसतात. परवा एका लग्नात दूरच्या नात्यातल्या भाऊजींनी पंगतीत मोठ्याने विचारले, "काय वहिनी, तुमच्याकडं कागदावरच्या पोरी किती आन् खऱ्या किती?" मी तिथे काही बोलले नाही, कारण ताटात जिलेबी होती आणि उत्तर लांबलचक होते. ते उत्तर आपल्या वर्तमानपत्रातून द्यावे म्हणून हे पत्र.

मी सोलापूरच्या पूर्व भागात शिवणकामाचे प्रशिक्षण केंद्र चालवते. सासऱ्यांची सरकारमान्य टंकलेखन संस्था होती. टाइपरायटर गेले, संगणक आले, पुढे संगणक घरोघरी गेले, आणि रिकाम्या झालेल्या त्या खोल्यांत मी शिलाई यंत्रे मांडली. बहुतेक जुकीची सिंगल नीडल, दोन ओव्हरलॉक, एक काजाचे मशीन आणि एक लांबलचक कटिंग टेबल. येणाऱ्या मुली विडी वळणाऱ्या बायकांच्या लेकी-सुना. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, दुकानात कन्नडही. सोलापुरात शाळेचे गणवेश आणि तयार कपडे शिवणारे कारखाने भरपूर आहेत आणि त्यांना कॉलर सरळ बसवणारी बाई सदैव हवी असते. जूनच्या आधी तर कारखानदारांचे मलाच फोन येतात. मग सरकारी पैसा कशाला, असे कुणी विचारील. जी मुलगी फी भरू शकते तिच्यासाठी नकोच आहे. जिच्या घरात विडीच्या पानांचा ओला वास आहे आणि आई म्हणते, "शिकायला गेली तर आजच्या विड्या कोण वळणार?", तिच्यासाठी हवा आहे.

म्हणून आम्ही अर्ज करतो. केंद्राची योजना असो की राज्याची, यादी थोडीफार बदलते, पण जात एकच. खोलीचे क्षेत्रफळ, मुलींचे वेगळे स्वच्छतागृह, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक हजेरी, जिओ-टॅग केलेली छायाचित्रे, अग्निशमनाचा दाखला, नोंदणीकृत भाडेकरार, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, सीएने दिलेले उलाढालीचे प्रमाणपत्र आणि त्यावर ते खरे असल्याचे पडताळता येणारा यूडीआयएन क्रमांक. यातली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर रास्त आहे. स्वच्छतागृह नसलेल्या केंद्रात मुलींना बोलावूच नये. पण भाडेकराराचे पाहा. पूर्व भागातली जुनी घरे चार-चार भावांच्या नावावर असतात. एक पुण्याला, एकाशी बोलणे बंद, तिसऱ्याला वाटते की करार नोंदवला तर भाडेकरू घर बळकावील. मला जागेसाठी जेवढी मनधरणी करावी लागते तेवढी मुलींच्या आयांची करावी लागत नाही.

आणि उलाढाल! माझी फी कमी, कारण शिकणाऱ्या गरीब. फी कमी म्हणून उलाढाल कमी, आणि उलाढाल कमी म्हणून गरिबांना फुकट शिकवण्याच्या योजनेला मी अपात्र. हा चक्रव्यूह ज्याने रचला त्याला एकदा भेटायची इच्छा आहे.

सबंध अर्जात जे कुठेच विचारलेले नसते ते असे : तुमच्याकडे याआधी शिकलेल्या मुली आज कुठे आहेत? जवळच्या कारखान्याचा मालक तुमच्याबद्दल काय म्हणतो? शिकवतो कोण? शेवटच्या प्रश्नाला एक रकाना असतो खरा, पण तो प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्राचा. माझ्याकडची सगळ्यात चांगली शिकवणारी बाई आठवी पास आहे. वीसेक वर्षे तिने कारखान्यात लाइनवर काढली. पॅडलवर पाय कसा ठेवायचा म्हणजे कंबर धरणार नाही, हे ती पहिल्याच दिवशी शिकवते आणि ते कुठल्या पुस्तकात नाही. पात्रतेच्या यादीत ती बसत नाही. त्यामुळे अर्जात दुसरीचे नाव जाते, वर्गात ही आठवी पास बाई मदतनीस म्हणून असते, आणि मुली हिलाच मॅडम म्हणतात.

तपासणीला येणारे अधिकारीही यादीचेच गुलाम. एकांनी यंत्रे मोजली, टेप लावून भिंती मोजल्या, कॅमेऱ्याची दिशा बदलायला लावली आणि चहा न घेता गेले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण एकही यंत्र चालू करून पाहिले नाही. याउलट एकदा एक तरुण मुलगी आली होती तपासणीला. तिने वर्गातल्या एका विद्यार्थिनीला शर्टचा खिसा लावायला सांगितला, उलटा करून टाके पाहिले, कोपऱ्यावरचे बॅक-टॅक, म्हणजे मागेपुढे मारलेले पक्के टाके, ओढून पाहिले आणि मग रजिस्टर मागितले. मी आजवर पाहिलेली खरी तपासणी तेवढीच.

आता पैशाबद्दल, कारण भाऊजींच्या प्रश्नाची मेख तिथे आहे. कौशल्य प्रशिक्षणाचे देशभराचे सामायिक निकष जुलै २०१५ मध्ये ठरले. त्यात दर विद्यार्थ्यामागे, दर तासाला, अभ्यासक्रमाच्या तीन गटांनुसार ३८.५० रुपये, ३३ रुपये आणि २७.५० रुपये असे दर होते. पुढे ते वाढवले गेले, पण हिशेब समजायला मधला ३३ चाच धरू. तीस मुलींची तुकडी, तीनशे तास. एकूण होतात २ लाख ९७ हजार रुपये. निकषांनुसार यातले ३० टक्के तुकडी सुरू होताना, ५० टक्के परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळाल्यावर आणि २० टक्के नोकरी लागल्याचा पुरावा दिल्यावर. म्हणजे सुरुवातीला ८९ हजार १०० रुपये. उरलेले २ लाख ७ हजार ९०० माझे मी घालायचे आणि मग वाट पाहायची. घरमालक, वीज मंडळ आणि दोरा-कापडवाला यांना तीस-पन्नास-वीस हा भाग समजत नाही. त्यांना दर महिन्याला शंभर टक्के लागतात. मुलगी मध्येच सोडून गेली तर तिच्यापोटी आलेला पहिला हप्ता पुढच्यातून वळता होतो. लग्न ठरले म्हणून गेली, बाळंतपणाला गेली, सासूने बंद केले, सगळे आमच्याच खाती.

निकालावर पैसे देण्याची कल्पना मला चुकीची वाटत नाही. आगाऊ सगळे द्या, असे मी म्हणणार नाही. तसे दिले तर काय होते ते या देशाने पाहिले आहे. पण निकाल लागल्यावर तरी पैसे यावेत की नाही? एका योजनेत (तिचे आणि कार्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही) मुली पास झाल्या, प्रमाणपत्रे वाटली, फोटो निघाले, आणि दुसरा हप्ता त्यानंतरची दिवाळी उलटून गेल्यावर आला. मधल्या काळात पोर्टलवर एकच शब्द : 'प्रक्रियेत'. मी पाटल्या पतसंस्थेत ठेवून पगार केले. त्यांवरचे व्याज कुठल्याही योजनेच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही.

अशा वेळी टिकतो कोण? ज्याला थांबणे परवडते तो. म्हणजे चार राज्यांत केंद्रे असलेली कंपनी, जिच्याकडे ताळेबंद आहे, बँकेची पत आहे आणि प्रस्ताव लिहायला वेगळा माणूस आहे. प्रस्ताव तिला मंजूर होतो. पण तिच्याकडे सोलापुरात ना जागा, ना मुली. मग एक दिवस गाडीतून गृहस्थ उतरतात. आमच्याकडेही उतरले होते. "मॅडम, जागा तुमची, मुली तुमच्या, कोड आमचा. फक्त पंचवीस टक्के आमचे, बाकी सगळं तुमचं." कोड म्हणजे मंजुरीचा सरकारी क्रमांक. मी वही काढून त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. पंचवीस टक्के गेल्यावर प्रशिक्षकाचा पगार आणि भाडे देऊन कापडाला पैसे उरत नव्हते. कापड नसेल तर मुली शिवणार काय? गृहस्थ हसून म्हणाले, "सगळ्या तीस रोज यायलाच पाहिजेत असं थोडंच आहे."

कॅगच्या अहवालातल्या खोट्या नोंदींचा उगम मला या एका वाक्यात दिसतो. मी नाही म्हटले, त्यात माझा मोठेपणा नाही. माझ्याकडे फी भरणाऱ्या मुली होत्या म्हणून नाही म्हणता आले. ज्याने कर्ज काढून केंद्र थाटले आहे तो हो म्हणतो. अहवालात आहे की दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या सुमारे ९६ लाख उमेदवारांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक जणांच्या नोंदीत बँक खात्याच्या जागी शून्ये, 'नल', 'एन/ए' किंवा मोकळी जागा होती. त्यात तेच छायाचित्र वेगवेगळ्या तुकड्यांत वापरल्याचेही आहे. कॅमेरा होता, बायोमेट्रिक होते, जिओ-टॅग होते. तरी हे झाले. म्हणजे आणखी दोन कॅमेरे लावून ते थांबणार नाही, एवढे तरी कळायला हवे. मला भीती अशी आहे की पुढच्या यादीत ते दोन कॅमेरेच वाढतील.

नोकरीच्या पुराव्याची तऱ्हा वेगळीच. निकष सांगत होते की प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी किमान ७० टक्के कामाला लागावेत, आणि प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी निम्मे तरी पगारी नोकरीत, किमान तीन महिने. आमच्याकडे शिवणाऱ्या अनेक बायका कारखान्यातून कापलेल्या मालाचे गठ्ठे घरी आणतात, शिवून परत देतात आणि शनिवारी नगाप्रमाणे रोख घेतात. नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही. स्वयंरोजगारासाठी परवाना, उत्पादक गटाचे सभासदत्व किंवा बँकेतली वाढीव जमा चालते, असे नियमात लिहिले होते. पण शनिवारची रोकड रविवारच्या बाजारात संपते, ती बँकेत जातेच कधी? त्यामुळे घडते असे की परगावच्या मिलमध्ये वसतिगृहात नेऊन ठेवलेली आणि चौथ्या महिन्यात रडत परत आलेली मुलगी यशस्वी ठरते, आणि उंबऱ्याच्या आत मशीन टाकून वर्षानुवर्षे संसार ओढणारी बाई हिशेबातच येत नाही. चौथ्या टप्प्यात सरकार दुसऱ्या टोकाला गेले. उमेदवाराने आपली वाट आपण निवडावी अशी भूमिका घेतली आणि पूर्वीसारखे नोकऱ्यांचे मोजमाप थांबले. आधीच्या टप्प्यांत ते होत होते म्हणून तर प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्केच कामाला लागले हे कॅगला सांगता आले. मोजायचेच सोडून देणे हा काही उपाय नव्हे. गठ्ठ्याचे काम देणाऱ्या कारखानदाराची सही आणि नगांची वही पुरावा म्हणून धरा, एवढेच आमचे म्हणणे होते.

एक गमतीचा भाग सांगते, कारण तो फारसा कुणी छापला नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. माल किंवा सेवा घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे त्यात म्हटले आहे. माझी उद्यम नोंदणी आहे. मग रखडलेल्या हप्त्याला हा कायदा लावा म्हटले, तर उत्तर मिळाले की हे अनुदान आहे, सेवेचा मोबदला नव्हे. ठीक आहे. पण जीएसटीच्या बाबतीत हेच प्रशिक्षण सेवा असते! राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण भागीदारांच्या सेवांना असलेली करमाफी ऑक्टोबर २०२४ मध्ये एका दुरुस्तीत यादीतून गळाली. डिसेंबरात जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने ती परत घालण्याची शिफारस केली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती परत आली. मधल्या तीन महिन्यांत आमच्या सीएचे केस आणखी पांढरे झाले. कर लावताना सेवा आणि पैसे देताना अनुदान, ही सोय फक्त सरकारला आहे.

सरकारला हे कधीच जमले नव्हते असेही नाही. मुंबईत वरळीला १९६७ साली पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले ते शहरातल्या कामगारांसाठी. त्यातूनच पुढे देशभरची जनशिक्षण संस्थांची योजना झाली, जी २०१८ पासून कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहे. त्या संस्था स्वयंसेवी मंडळेच चालवतात आणि त्यांना वार्षिक अनुदान मिळते. तासाला अमुक रुपये आणि नोकरीनंतर वीस टक्के असला व्यवहार तिथे नाही. त्यांच्याकडे शिकणाऱ्यांत बायकाच जास्त. दोषही असतील त्या पद्धतीत. पण गिरण्यांच्या मुंबईत साठ वर्षांपूर्वी जे सुचले ते विडी आणि चादरींच्या सोलापूरसाठी आज का सुचू नये?

महाराष्ट्र सरकारने अलीकडे जागेच्या प्रश्नावर बरे पाऊल टाकले, ते मोकळेपणाने सांगायला हवे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ५११ ग्रामपंचायतींत प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये महाविद्यालयांतून आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रे सुरू करण्याचे वर्ध्यात जाहीर झाले. म्हणजे प्रशिक्षणासाठी आधीच उभ्या असलेल्या इमारती वापरायच्या, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. मग शहरातल्या कामगार वस्त्यांना ते का लागू नाही? सोलापूर महापालिकेच्या मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, त्यांतल्या काहींची पटसंख्या घटून वर्ग रिकामे आहेत. दुपारनंतर दोन वर्ग द्या, वीजबिल आम्ही भरू. भाडेकराराचा, अग्निशमनाचा आणि स्वच्छतागृहाचा प्रश्न एका फटक्यात सुटेल, आणि आमच्यासारखे गरजवंत कमी पैशांत जास्त मुली शिकवतील.

केंद्राच्या योजनेच्या चौथ्या टप्प्याला मान्यता मिळाली होती ती २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची. पुढचे नियम कुठेतरी लिहिले जात असतील. ते लिहिणाऱ्यांपैकी कुणी मराठी वाचत असेल तर त्यांच्यासाठी आणखी थोडे. एक-दोन केंद्रे असलेल्या स्थानिक संस्थांसाठी जिल्ह्याचा वेगळा वाटा ठेवा आणि त्यात उलाढालीची अट घालू नका. त्याऐवजी आधी शिकलेल्या मुलींपैकी कुठल्याही पाच जणींना तुम्हीच निवडून बोलवा आणि त्यांच्याकडून शर्ट शिवून घ्या. प्रमाणपत्रानंतर ठरलेल्या दिवसांत हप्ता आला नाही तर व्याज द्या; तुमच्याच कायद्यातला दर आहे. आणि पोर्टलवर दर तुकडीपुढे तीन गोष्टी सगळ्यांना दिसतील अशा टाका : शिकवले कुणी, मंजूर किती झाले आणि प्रत्यक्ष शिकवणाऱ्याच्या हाती किती, कोणत्या तारखेला पडले. कोड एकाचा आणि वर्ग दुसऱ्याचा असेल तर ते गल्लीतल्या पोरालाही दिसेल, त्याला कॅग लागणार नाही. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात स्वस्त आहे, म्हणूनच तो मानला जाणार नाही अशी मला शंका आहे.

माझ्या संस्थेचा नवा अर्ज सध्या छाननीत आहे. तो मंजूर होवो वा न होवो, त्याचा या पत्राशी संबंध लावला जाऊ नये, म्हणून नाव-पत्ता फक्त आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे. कृपया छापू नये.

आपली,
एका खासगी शिवण प्रशिक्षण केंद्राची संचालिका, सोलापूर